दिवेलागणीचा अभ्यास

दुसऱ्या इयत्तेपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊ नये, असे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणाने सांगितले. त्यापूर्वी १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीनेही अभ्यासाच्या ओझ्याबद्दल असाच इशारा दिला होता. या वादात गृहपाठ हा जणू आधुनिक शाळेने लादलेला भार आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः शाळेत शिकलेले घरी घोटून यावे, हा रिवाज महाराष्ट्रात छापील पुस्तकाहूनही जुना आहे. बदलले ते एवढेच की, हा अभ्यास करून घेण्यासाठी घराजवळ काय असावे लागते.

पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटकरीचा भुगा पसरावा, त्यावर काडीने अक्षर काढावे, पंतोजींनी ते पाहावे आणि मग हाताने पुसून टाकावे, अशी ती धूळपाटी. म्हैसूर मुलखातील खेड्यांतही जगलीवर, म्हणजे घरासमोरच्या ओट्यावर, भरणाऱ्या शाळांत मुले अशीच वाळूत अक्षरे गिरवीत. मद्रासच्या अनाथाश्रमाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याला हे वाळूतले लेखन इतके पसंत पडले की, त्याने ते आपल्या शाळेत आणले, मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे ही रीत त्याच्या जोडीला घातली आणि १७९७ साली त्यावर पुस्तकही छापले. इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळांत पुढे ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती गाजली. उसनवारी नेहमी एकाच दिशेने झाली असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

धुळीतले अक्षर घरी नेता येत नाही. घरी जाई ते तोंडात साठवलेले. दिवेलागणीला मुलांनी मोठ्याने म्हणावयाचा परवचा हाच त्या काळचा गृहपाठ होय. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. त्याचाही पाढा पाठ असावा लागे. आज हा केवळ स्मरणशक्तीचा छळ वाटेल. परंतु सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी अशा व्यवहारात सव्वा तीन शेरांचा हिशेब उभ्या उभ्या करावयाचा, तर बोरू आणि दौत कोण शोधीत बसणार? १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली, त्यापाठोपाठ वजनमापेही बदलली, आणि या पाढ्यांचे बाजारातील काम सरले.

परवच्याचा एक गुण मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो तपासण्यासाठी घरात साक्षर माणूस लागत नसे. पाढ्याला ठेका असतो. मूल अडखळले की तो मोडतो आणि चुलीपुढे बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आजीच्याही कानाला ते कळते. अर्थात, हा गुण ज्या घरांतील मुलगे पंतोजींपाशी बसू शकत त्यांच्यापुरताच होता. मुली आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींची मुले त्या ओवरीच्या पायरीपर्यंतही पोचत नसत.

छापील पुस्तक आले आणि ही मांडणी पालटली. एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी उभी राहिली. कॅप्टन जार्व्हिस तिचे चिटणीस होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ ही पुस्तके १८२८ साली निघाली. त्यांपैकी ‘बाळमित्र’चे मूळ बर्कॅं या फ्रेंच ग्रंथकाराचे. मराठी मुलाला पाठ करण्यासाठी नव्हे, तर वाचण्यासाठी गोष्ट मिळाली, ती येथून. परंतु वाचावयाचे तर पुस्तक हवे, दिव्याला तेल हवे आणि अडलेला शब्द सांगणारे कोणीतरी हवे. परवच्याला यांतले काहीच लागत नव्हते. ज्ञानाचे दार रुंद झाले खरे, पण त्याच क्षणी निरक्षर घर अभ्यासाच्या बाहेर पडले.

ही अडचण जोतीराव फुल्यांनी जितकी स्पष्ट ओळखली, तितकी त्या काळी क्वचितच कोणी ओळखली असेल. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या गृहस्थांनी १८५५ साली कष्टकरी प्रौढांसाठी रात्रीची शाळाही घातली. मुलाबरोबर घरही शिकले पाहिजे, असाच या दोन गोष्टींचा मिळून अर्थ होतो. त्याच साली ‘ज्ञानोदया’च्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत त्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. निबंध हा शाळेने दिलेला अभ्यास. पण गाय किंवा वर्षाऋतू यांऐवजी या मुलीने मांग-महारांचे दुःख हा विषय घेतला आणि वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा ग्रंथ कोणता आणि धर्म कोणता, असा प्रश्न सरळ विचारला. मराठीत एखाद्या शाळकरी मुलीचा अभ्यास इतका निर्भय क्वचितच उतरला असेल.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य हे विषय त्यांनी सुचवले. गुरामागे जाणारे मूल नुसत्या आज्ञेने शाळेत येत नाही हे ठाऊक असल्यामुळे शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही मागितली.

सरकारने ते ऐकले नाही. ऐकले ते बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो सर्व राज्याला लावला. तथापि शाळा सुटल्यावर वाचावयास घरी काहीच नसेल, तर शिकलेले अक्षर पुसले जाते, धूळपाटीवरच्यासारखेच. म्हणून १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. गावाने वर्गणी जमवली की सरकार आपला वाटा घाली. जेथे तेवढेही होत नसे, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी धाडली जाई. गावकऱ्यांनी त्यातली पुस्तके घरोघर न्यावीत, वाचून झाली की परत आणावीत, मग ती पेटी पुढच्या गावाला निघावी आणि तिच्या जागी दुसरी यावी.