प्राथमिक शाळेंतील इतिहास

मुंबईहून भुसावळास जाणाऱ्या लोहमार्गावर नांदगांव हें स्टेशन आहे. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे आगगाडी सुरू झाली. तोंपर्यंत वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी येथें उतरत व पुढची मजल टांग्यानें वा बैलगाडीनें गांठीत. गांवांतल्या चौथीच्या मुलास हें सहसा ठाऊक नसतें. अफझलखानाच्या भेटीची हकीकत मात्र तो खडानखडा सांगेल, आणि "हें कशावरून?" असें कोणीं विचारलें, तर "पुस्तकांत आहे" म्हणेल.

त्याच्या पणजोबाच्या पणजोबानें हीच हकीकत निराळी वाचली असावी, आणि तीहि पुस्तकांतच होती! साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या कॅप्टन ग्रँट डफनें दप्तरें व बखरी जमवून 1826 सालीं मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत तीन भागांत प्रसिद्ध केला. थोड्याच वर्षांत कॅप्टन केपन यानें त्याचें मराठी रूपांतर सिद्ध केलें व 'मराठ्यांची बखर' या नांवानें तें शाळांतून चालूं लागलें. डफ मेहनती लेखक होता, हें त्याचे टीकाकारहि नाकारीत नाहींत. परंतु खानाच्या वधांत विश्वासघाताचा दोष त्यानें महाराजांकडे दिला, आणि मराठी मुलांपुढें तोच मजकूर आला.

1868 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें या बखरीवर टीका लिहिली. त्याचें वय तेव्हां पंचविशीच्या आंतलें. शाळाखात्यानें मान्य केलेल्या ग्रंथास एका विद्यार्थ्यानें पुरावा विचारावा, हें त्या काळीं लहानसें धाडस नव्हतें. त्या प्रश्नाचा पाठपुरावा पुढें अनेकांनीं केला. 1878 मध्यें 'काव्येतिहाससंग्रह' निघूं लागला व जुन्या बखरी छापून लोकांपुढें आल्या. 1898 सालीं राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड बाहेर पडला; 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. माळ्यांवर कसरीच्या तोंडीं पडलेले कागद अशा रीतीनें साक्षीला उभे राहिले.

शाळेंत मात्र त्या साक्षीचा निकाल तेवढा पोंचला. 1970 पासून चौथीच्या मुलांच्या हातीं 'शिवछत्रपती' हें पुस्तक आलें. डफनें लावलेला डाग गेला, हें योग्यच झालें. नऊ वर्षांच्या मुलास अशी वीरकथा गोडहि लागते. पण पणजोबानें एक मजकूर पाठ केला, पणतवानें दुसरा. कीर्तन्यांचा प्रश्न दोघांच्याहि कानीं पडला नाहीं.

एवढ्या लहान मुलास मोडी कागद वाचतां येत नाहींत, असा आक्षेप शिक्षक घेतात, व तो खरा आहे. शतक म्हणजे काय, हेंच त्याला नीट उमगत नाहीं. आजोबांचे आजोबा म्हटलें म्हणजे थोडेंफार उमगतें. मात्र दगड त्याला वाचतां येतात. मनमाडच्या दक्षिणेस अंकाई-टंकाईची जोडी उभी आहे. टंकाईच्या अंगाला जैन लेणीं आहेत. 1635 सालीं शहाजहानच्या फौजेनें हा किल्ला घेतला. 1818 च्या एप्रिलांत तो इंग्रजांच्या हातीं गेला. मुलांस तेथें न्यावें, लेणें व किल्ल्याचा दरवाजा दोन्ही दाखवावे, आणि आधींचें कोणतें, तें कशावरून, एवढेंच विचारावें. सनावळी परतल्यावर सांगितली तरी चालेल.

ज्यांना किल्ल्यापर्यंत जाणें जमत नाहीं, त्यांना नांदगांवचें स्टेशनहि पुरे. वेरूळची जुनी वाट गांवाच्या कोणत्या बाजूनें निघत असे, हें विचारावयास मुलांस घरीं वडीलधाऱ्यांकडे धाडावें. कोणाच्या घरीं एक वाट सांगतील, कोणाच्या घरीं दुसरी. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यावरून तंटा होईल. गुरुजींनीं तो मिटविण्याची घाई करूं नये. प्रत्येकाला घरीं कोणीं व कशाच्या आधारें सांगितलें, तें फळ्यावर लिहून घ्यावें.