खापरपणजोबांचा शोध

शाळेत आपण राजेरजवाड्यांच्या वंशावळी तोंडपाठ केल्या. पण पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, असं विचारलं तर आपल्यातले किती जण सांगू शकतील? मलाही ते ठाऊक नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. घरोघरी वंशावळी जुळवल्या जाऊ लागल्या. पुतण्याच्या प्रमाणपत्रासाठी आमच्या घरचं हे काम माझ्याकडे आलं.

पहिला धागा मिळाला तो शाळेतच. प्रवेश-निर्गम नोंदवहीत वडिलांच्या नावापुढे आजोबांचं नाव होतं. पुढे १९५४ च्या खासरा पत्रकात आजोबा आणि पणजोबा दोघेही सापडले. त्याच्या मागे मात्र वाट अवघड होती. आपलं पिशोर, सगळ्या कन्नड तालुक्यासारखंच, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्या काळचे कागद उर्दूत, काही मोडीत. साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १३०९ फसली हे १८९९-१९०० चं, मोठ्या दुष्काळाचं वर्ष. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच नाव दोन जाणकार दोन तऱ्हांनी वाचतात.

शिवाय त्या नोंदींत आडनावच नाही. नुसतं ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. एका गावात एकाच नावाची चार माणसं असली, तर आपला कोणता? इथे जमीन कामी आली. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढला आणि तो धरून मागे गेलो. माणसाचं आडनाव सुटलं, तरी शेताचा नंबर सुटत नाही. त्या शेतासमोर खापरपणजोबा आणि त्यांचे वडील, अशी दोन नावं मिळाली.

या साऱ्या कागदांत बाई मात्र एकही नव्हती. प्रमाणपत्राला वडिलांकडचीच रक्तनाती लागतात, म्हणून तिथे कोणाचं अडलं नाही. माझं अडलं. शेवटी त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्या नामावळीत गावावरून आणि कुळावरून पानं लावलेली असतात. आईच्या अस्थी घेऊन आलेल्या पणजोबांनी तिथे आपल्या भावांची नावं लिहवून घेतली होती. त्यांच्या वरच्या ओळीत खापरपणजीचं नाव होतं. आमच्या घरात ते नाव कोणाच्या तोंडी उरलं नव्हतं. घरी येऊन वाचून दाखवलं, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या आत्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.

पुतण्याचा प्रस्ताव दाखल झाला आहे. निकाल लागेल तसा लागेल. पण आता आमच्या वंशावळीत प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या पत्नीचं नाव लिहिलं आहे. जिचं सापडलं नाही, तिची जागा मोकळी ठेवली आहे.

या मेळाव्यानंतर एवढं करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजीचं माहेर, पणजीचं नाव, शेताचा जुना नंबर विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. आणि आपल्या शाळेच्या जुन्या नोंदवह्यांची पानं आता जीर्ण होत आली आहेत. त्यांची छायाचित्रं काढून ठेवण्याचं काम आपल्या तुकडीने अंगावर घ्यावं. कित्येक घरांचा पहिला धागा तिथेच आहे.