पॅरिसचा गुरु, न्यूयॉर्कची शिष्या

दुसऱ्या कलावंताची पद्धति उचलली कीं स्वतःचें कांहीं उरत नाहीं, अशी समजूत आपल्या सुशिक्षित मंडळींत बरीच रूढ आहे. गवयानें गुरूची तान घेतली तर तिला आपण घराण्याची तालीम म्हणतों. छायाचित्रकारानें तसें केलें कीं ती चोरी ठरते! ह्या समजुतीची परीक्षा करण्यास बेरेनिस ॲबट ह्या अमेरिकन बाईंचें उदाहरण आम्हांस फार उपयोगी वाटतें.

ॲबटबाई पॅरिस येथें मॅन रे ह्या कलावंताच्या हाताखालीं छायाचित्रण शिकल्या. तेथेंच १९२५ च्या सुमारास यूजीन आत्झे ह्या वृद्ध गृहस्थाचीं चित्रें त्यांच्या दृष्टीस पडलीं. हा मनुष्य आरंभीं नट होता. पुढें सुमारें तीस वर्षें त्यानें जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांचे दर्शनी भाग, जिने आणि अंगणें टिपण्यांत घालविलीं. लांकडी कॅमेरा, तिवई आणि १८×२४ सेंटिमीटरच्या कांचा असें जड ओझें घेऊन तो पुष्कळदां पहांटेच निघे. कांचेवर प्रकाश बराच वेळ पडूं द्यावा लागे. म्हणून इमारत रेखीव उमटे, आणि चालतीं माणसें धुक्यासारखीं पुसट होत. आपल्या कामास तो कला म्हणत नसे. ‘कलावंतांसाठीं दस्तऐवज’ एवढीच त्याची पाटी होती. १९२७ सालीं बाईंनीं त्याची तसबीर घेतली. प्रती दाखविण्यास त्या गेल्या, तों तो वारल्याचें कळलें. गुरूनें शिष्येस बसवून शिकविलें असें कांहींच नाहीं. पुढील वर्षीं ज्यूलियन लेव्ही ह्यांच्या साह्यानें बाईंनीं त्याच्या उरलेल्या कांचा व प्रती विकत घेतल्या.

१९२९ सालीं त्या न्यूयॉर्कला आल्या, तेव्हां तेथें जुनीं घरें पाडून गगनचुंबी इमारती उठत होत्या. आत्झेनें पॅरिससाठीं केलें तें येथें करावें, असा त्यांनीं निश्चय केला. प्रारंभीं त्यांचा कॅमेरा हातांत मावणारा होता. लवकरच त्यांनीं तिवईवरचा, ८×१० इंचांचा मोठा कॅमेरा पत्करला. विटेचा पोत आणि पाटीवरचें अक्षर न् अक्षर उतरवावयाचें, तर दुसरा इलाज नव्हता. १९३५ पासून सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टचा आधार मिळाला, आणि १९३९ सालीं ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हा ९७ चित्रांचा ग्रंथ निघाला.

मात्र गुरूचें सर्वच त्यांनीं घेतलें नाहीं. आत्झे बहुधा रस्त्यावर उभा राही; बाई उंच चढल्या. ‘नाइट व्ह्यू’ ह्या चित्रासाठीं त्यांनीं डिसेंबरांतील अगदीं लहान दिवस हेरला. त्या दिवसांत पांचाला कचेऱ्या सुटण्यापूर्वींच अंधार पडतो, आणि खिडकीखिडकींतून दिवे जळत असतात. मग पंधरा मिनिटें भिंग उघडें ठेविलें. धीर आत्झेचा खरा, पण हा हिशोब बाईंचा स्वतःचा. आणि शिष्येचें स्वत्व आम्हांस येथेंच दिसतें.

ह्या ऋणाची किंमतहि त्यांनीं भरपूर मोजली. चाळीस वर्षें तो संग्रह सांभाळणें, त्याच्या प्रती काढणें, लोकांपुढें मांडणें हें ओझें स्वतःच्या कामाबरोबर त्यांनीं वाहिलें. १९६४ सालीं त्याच्यावर पुस्तक काढलें. अखेर १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें तो संग्रह विकत घेतला.