आधी दार, मग भिंती

कल्याणहून मुरबाड आणि टोकावडे मागे टाकीत माळशेजच्या दिशेने निघालेला प्रवासी वैशाखऱ्याजवळ आला, की त्याची नजर आपोआप वर जाते. समोर सह्याद्रीची काळी भिंत उभी असते आणि तिच्या माथ्यावर नानाचा अंगठा. त्या अंगठ्याच्या कुशीत कड्याला एक अरुंद खाच आहे. तीच नाणेघाटाची नळी. कोकण आणि देश यांच्यामधील भिंतीला असलेले हे दार दोन हजार वर्षांचे जुने आहे. या दाराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याने नवा गोठा किंवा कामाची शेड बांधायला काढली, तर दाराविषयीचा पहिला धडा त्याला कड्याकडे पाहूनच मिळावा.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. गोठ्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, 'किती खणांचा?' मग पत्रा की कौल, याची चर्चा रंगते. पैशांचा मेळ बसवताना खण कमी-जास्त होतात. जोते भरून होते, खांब उभे राहतात आणि अगदी शेवटी गवंडी विचारतो, 'दार कुठे ठेवायचे?' तोवर उत्तर देण्यासारखे फारसे उरलेले नसते. दोन खांबांमध्ये जी जागा राहिली असेल ती दाराची रुंदी होते. इमारतींचा इतिहास मात्र सांगतो, की दाराचे माप आधी ठरते आणि ते ठरवतो दारातून जाणारा.

नाणेघाटाचेच पाहू. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन काळची मोठी बंदरे. तेथे उतरलेला माल जुन्नरकडे चढवण्यासाठी सातवाहनांच्या काळात ही वाट राबती होती. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले असून गाईंची गणती हजारांच्या घरात आहे. विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते. ही सारी संपत्ती वर चढली ती माणसाच्या डोक्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून. दोन्ही कुशींना गोण्या लटकलेला बैल पायऱ्या चढून पार होईल, एवढीच त्या वाटेची मागणी होती. खडक फोडणाऱ्यांनी नेमकी तेवढीच वाट केली. त्यांच्या काळापुरते ते माप अचूक होते.

घाटाखालच्या गावांतील जुने गोठेही याच हिशेबाने उभे राहिले. माप खणाचे, म्हणजे दोन खांबांमधील अंतराचे. भार सारा सागाच्या किंवा ऐनाच्या खांबांवर, आढ्यावर आणि वाशांवर. भिंत म्हणजे कारवीचा कुड, वरून शेणामातीचा गिलावा. असा कुड भार पेलत नाही, तो आडोसा करतो. त्यामुळे दार कोणत्याही खणात ठेवता येई आणि चुकले तर कुड सोडवून दुसऱ्या खणात नेताही येई. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला. बैल एकेक करून आत शिरे, म्हणून रुंदी बेताची. रात्री बिबट्याची भीती, म्हणून आतून अडसर. या प्रत्येक निर्णयाला कारण होते आणि ते घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे.

येथे एक शंका येईल. युरोपात शेतावरची कोठारे एवढी अवाढव्य, मग आपल्याकडे तशी का नव्हती? तिकडे पीक काढले की थंडी-पावसाचे दिवस येत. कणसे छपराखाली रचून हिवाळाभर आतच झोडावी लागत. इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेल येथे सिस्टर्शियन मठवासीयांचे तेराव्या शतकाच्या अखेरचे कोठार आजही उभे आहे. अशा जुन्या कोठारांना बहुधा समोरासमोर दारे असत. एका दाराने भरलेला गाडा आत येई आणि रिकामा झाला की दुसऱ्याने बाहेर पडे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पहिले दार उंच, तर दुसरे ठेंगणे. दोन्ही दारे उघडली की मधल्या झोडणीच्या जागेवर वारा खेळे आणि त्यावर धान्य उफणले जाई. त्या दारांची उंची दिमाखासाठी नव्हती. गाड्यावर रचलेल्या पेंढ्यांची ती उंची होती.

आपल्याकडे भात कापणीला येई तेव्हा पाऊस परतलेला असे. दिवाळीच्या सुमारास शेतातच खळे सारवायचे, मोकळ्या आभाळाखाली भात झोडायचे, वाऱ्यावर उफणायचे आणि घरातल्या कणग्या भरायच्या. पेंढ्याची उडवी बाहेर रचायची. छप्पर लागे ते गुरांना, अवजारांना आणि पावसाळ्यापुरत्या वैरणीला. आभाळच आमचे कोठार होते, म्हणून मोठ्या दारांची गरज पडली नाही.

मग चाक आले. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला, १८६१ मध्ये शहापूर तालुक्यातील कसाऱ्याला आणि थळघाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला पोहोचला. नाणेघाट मात्र बैलाच्या पाठीच्या मापाचाच राहिला. त्यात चाक शिरू शकत नव्हते, म्हणून व्यापार हळूहळू त्याला वळसा घालून गेला. ज्या वाटेने एके काळी बंदरांचा माल चढला, त्या वाटेने आज पाठीवर पिशवी घेतलेले गिरिभ्रमण करणारे चढतात. आजच्या ओझ्याला पुरणारे दार उद्याच्या ओझ्याला बंद होऊ शकते, हे वैशाखऱ्याइतके दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असणार?

एकदा ठरलेली रुंदी किती काळ छळते याचा दाखला रेल्वेनेही दिला. आपल्याकडे मुख्य मार्गांसाठी साडेपाच फुटांचे रूळ घेतले गेले, पुढे काटकसरीसाठी कित्येक ठिकाणी मीटरचे आणि त्याहून अरुंद मार्ग टाकले. जिथे दोन मापे भेटत तिथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. अखेर १९९२ पासून अरुंद मार्ग रुंद करण्याची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

छपरांनीही रूप बदलले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि ती सपाट, खाचेत बसणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. त्याआधीच, १८२९ मध्ये, लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री पामर याने पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले होते. कैची आणि पत्रा यांमुळे खांब दूर नेता आले, खण रुंदावला. मोठे दार शक्य झाले. पण विटांची भिंत आली आणि कुडाची सवलत गेली. आता चुकीचे दार हलवायचे म्हणजे भिंत आणि तिच्यावरची तुळई दोन्ही फोडायची.

म्हणून नवे बांधताना कागदावर आधी दार काढावे. निव्वळ गोठ्यापुरती मापे पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत मिळतात. छपराखाली गाईला सुमारे साडेतीन आणि म्हशीला चार चौरस मीटर जागा, मोकळे आवार त्याच्या दुप्पट. गुरांची एकच रांग असेल तर दार पाच फूट रुंद आणि सात फूट उंच. दोन रांगा असतील तर रुंदी आठ-नऊ फुटांहून कमी नको. उघडलेले दार भिंतीला सपाट टेकले पाहिजे, नाहीतर गाभण गाईच्या कुशीला त्याची कड लागते.

खरा पेच पुढे आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळे लागोपाठ उठली. त्या दिवसांतील पावसाने कोकणात कापलेले आणि कापणीला आलेले भात भिजले, जागेवर कोंब फुटले. ज्या आभाळाला आपण पिढ्यान्‌पिढ्या कोठार मानले, त्यावर आता पूर्वीसारखा भरवसा ठेवता येत नाही. भाताला छपराखाली आणणे भाग पडणार असेल, तर युरोपातील शेतकऱ्यापुढचा जुना प्रश्न आता मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यापुढे आणि वसईतील आपल्या वाड्यांपुढेही उभा आहे. भरलेले वाहन आत येणार कसे आणि बाहेर पडणार कसे?

ट्रॅक्टर साधारण सहा फूट रुंद असतो. ट्रॉलीवर पेंढा रचला की तो दोन्ही अंगांनी बाहेर येतो आणि माथ्याच्या वर जातो. तेव्हा दहा फूट रुंदी आणि तेवढीच उंची ही चैन नव्हे. कधी काळी ट्रक दाराशी लागायचा असेल, तर मोटार वाहन नियमांनी त्याची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, म्हणजे साडेआठ फूट. दारासमोर ट्रॅक्टर-ट्रॉली सरळ उभी राहील एवढे अंगण हवे, कारण वळणावर दहा फुटांचे दारही अपुरे पडते. समोरासमोर दारे ठेवली तर ट्रॉली मागे घेण्याचे संकट टळते आणि उफणणीला वारा मिळतो. मात्र वळचणीखालच्या दारावर पागोळ्यांची धार लागते, म्हणून दार शक्यतो आढ्याच्या टोकाकडील भिंतीत असावे.

मोठ्या दाराला मोठा धोकाही आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा शेकडो छपरे उडाली. वाऱ्याच्या तोंडाचे दार उघडे राहिले की वारा आत कोंडतो आणि पत्रा खालून उचलतो. म्हणून पश्चिमेचे दार टाळावे, टाळता न आल्यास पावसाळाभर घट्ट बंद राहील असे करावे. रोजच्या ये-जा करण्यासाठी मोठे दार उघडण्याची गरजही नसते. यावर आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी तोड काढली होती. ती म्हणजे दिंडी. पुण्याच्या शनिवारवाड्याचा, १७३२ च्या त्या वाड्याचा, दिल्ली दरवाजा अंबारीसह हत्ती जावा एवढा. पण एकट्या माणसासाठी त्यात छोटी दिंडी आहे. हत्ती वर्षातून कितीदा येणार आणि माणूस दिवसातून कितीदा, हे बांधणाऱ्याने मोजले होते. आपला हत्ती म्हणजे सुगीची ट्रॉली. तिच्यासाठी मोठी फळी, रोजच्यासाठी दिंडी.

लूककृत शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. उदंड पीक आले तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला आणि त्याच रात्री त्याचे बोलावणे आले. ही गोष्ट कोठाराच्या आकाराविरुद्ध आहे असे मला वाटत नाही. त्याने खण मोजले, पण आपल्या धान्याला बाहेर जायलाही वाट हवी, हे त्याच्या मनात आले नाही.

नवे बांधणाऱ्याने म्हणून एक संध्याकाळ अंगणात काढावी. चार काठ्या रोवाव्यात, दोरी बांधावी, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणावा आणि दोरीच्या दारातून एकदा आत नेऊन बाहेर काढावा. मग गाय न्यावी, मग डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला चालायला सांगावे. सगळे अडखळल्याविना पार झाले, की गवंड्याला निरोप धाडावा. दोरी हलवायला पैसे पडत नाहीत. पक्की भिंत मात्र पुढच्या पिढीलाही हलवता येत नाही.