खालशाची सबब

गृहपाठाची वही कुत्र्याने खाल्ली, ही इंग्रज विद्यार्थ्याची सबब आता जगाच्या चेष्टेचा विषय झाली असली, तरी त्याच विद्यार्थ्यांच्या पूर्वजांनी 1854 साली नागपूरचे राज्य गिळताना जी सबब दफ्तरी नोंदविली, तिच्यापुढे ते बिचारे कुत्रे अगदीच निरुपद्रवी ठरते.

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, तेव्हा राणीवशाने आप्तांपैकी यशवंतराव अहिरराव या मुलाच्या हस्ते उत्तरक्रिया करवून त्यास दत्तक मानले. परंतु 28 जानेवारी 1854 च्या आपल्या प्रदीर्घ टिपणात गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने निवाडा दिला तो असा की, राजाने हयातीत दत्तक घेतलेला नाही, 1818 साली हे राज्य ईस्ट इंडिया कंपनीनेच कृपादान म्हणून दिले होते, सबब वारसाअभावी ते आता दात्याकडे परत यावे.

आता हे ‘कृपादान’ कोणास दिले होते? सीताबर्डीच्या लढाईनंतर तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले यांस पदच्युत करून कंपनीने ज्यांस मसनदीवर बसविले, ते हे तिसरे रघूजी स्वतःच दौहित्र वंशातले, आप्पासाहेबांच्या आधीचे राजे परसोजी यांच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर दिलेले दत्तक. म्हणजे पतीच्या पश्चात विधवेने केलेले जे दत्तविधान 1818 साली कंपनीस मान्य होते, तेच छत्तीस वर्षांनी तिच्या शास्त्रात बसेनासे झाले. बरे, सबब सांगणाराने निदान खरे कारण तरी झाकावे. पण त्याच टिपणात नागपूर हाती आल्यास इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस निर्धास्त मिळेल, हेही डलहौसीने नि:संकोच लिहून ठेवले. कौन्सिलातील कर्नल लो यांनी विरुद्ध मत नोंदविले, ते नोंदण्यापुरतेच राहिले.

मग वाड्याची पाळी आली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावात निघाले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी, सामानास हात लावाल तर वाडाच पेटवून देईन, असे बजावले; तरीही सामान हललेच, आणि थोडे वगळता भोसल्यांचे जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. या व्यवहारासही सबब होतीच: विक्रीची रक्कम ‘भोसला फंडा’त जमा होऊन त्याच राजस्त्रियांच्या हितासाठी खर्ची पडावयाची होती.