तळाला, तरीही सुरक्षित

देहूरोडला खेटून मामुर्डी आहे. देहूहून निघून गावाच्या कमानीतून जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर आलं की तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. पलीकडे द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम. या टापूत खेळ म्हटलं की बहुतेकांची बोटं गहुंजेच्या दिव्यांकडे वळतात. पण मामुर्डीत २०११ पासून पुणे एफसीची फुटबॉल अकादमी होती आणि तिच्या मुलांनी युवा गटाच्या आय-लीगची विजेतेपदंही आणली. पुण्यातून फुटबॉलचे संघ कसे आले आणि कसे गेले, या गोष्टीचा एक धागा या गावातून जातो.

गोष्ट तशी फार जुनी नाही. २००७ मध्ये अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफसी उभा केला. हा संघ दुसऱ्या श्रेणीतून खेळत वर आला आणि २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या पहिल्या श्रेणीत, आपल्या पहिल्याच हंगामात तिसरा आला. डेरिक परेरा तेव्हा प्रशिक्षक होते. २०१२-१३ मध्ये संघ दुसऱ्या स्थानावर पोहोचला. तेव्हा विजेतेपद गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने नेलं. घरचं मैदान म्हणजे बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी राज्य सरकारने बांधलेलं. धावण्याच्या मार्गामुळे प्रेक्षक मैदानापासून लांब पडतो, ही तिथल्या फुटबॉलप्रेमींची जुनी तक्रार.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी या पट्ट्यातल्या माणसाला कंपनीचा संघ ही कल्पना नवी नव्हती. कारखान्याची नोकरी आणि मैदानावरची जागा बरोबर मिळत, असा काळ महाराष्ट्राने पाहिलेला आहे. त्याचा शेवटही पाहिलेला आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघ बंद झाला. पुण्यातल्या चाहत्यांसमोर हे उदाहरण ताजं होतं. तरीही पुणे एफसीभोवती माणसं जमली, कारण हा संघ खालून खेळत वर आला होता.

नंतर आलेल्या संघांची वाट वेगळी होती. ती कळायला आधी नियम कुठे ठरतात ते पाहायला हवं.

फुटबॉलच्या मैदानावरचे नियम सतरा. ते बदलण्याचा अधिकार १८८६ पासून एका आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आहे. ऑफसाइडसाठी पुढे तीन प्रतिस्पर्धी हवेत की दोन, याचा निकाल या मंडळाने १९२५ मध्ये दोनच्या बाजूने लावला आणि जगभरच्या चाहत्यांना वादाला नवा विषय मिळाला. पण कोणता संघ कोणत्या लीगमध्ये खेळणार, शेवटचा आलेला खाली जाणार की नाही, हे त्या सतरा नियमांत कुठेच नाही. ते प्रत्येक देशाची संघटना ठरवते. भारतात ते दिल्लीत, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कचेरीत ठरतं आणि पुण्याच्या फुटबॉलचं जे झालं ते तिथल्या कागदांवर झालं.

महासंघाने २०१३ पासून कंपन्यांसाठी थेट प्रवेशाचं दार उघडलं. खालच्या श्रेणीत न खेळता, निविदा भरून संघ थेट आय-लीगमध्ये. नव्याने पैसा ओतणाऱ्याला पहिल्याच वर्षी बुडण्याची भीती नको म्हणून अशा संघांना घसरणीपासून अभय दिलं गेलं. या दारातून आधी आलेल्या बंगळुरू एफसीने पहिल्याच हंगामात लीग जिंकली, त्यामुळे अभयाची कसोटी लागलीच नाही. ती लागली पुण्यात.

२०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी थेट प्रवेशाने आला. बालेवाडी आता एकाच लीगमधल्या दोन संघांचं घर झालं. हंगाम संपला तेव्हा अकरा संघांत भारत एफसी अकरावा होता. खाली मात्र दहावा संघ गेला. तो दहावा म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो. तळाचा सुरक्षित आणि त्याच्या वरचा बाद, हे गणित मडगावात आणि पणजीत कुणाला पटणं शक्य नव्हतं. वर आणखी गंमत अशी की ज्याला अभय मिळालं होतं, तो भारत एफसी त्या एका हंगामानंतर लीगमधून बाहेर पडला. त्याच वर्षी पुणे एफसीनेही गाशा गुंडाळला. दोन संघांच्या शहरात एकही उरला नाही.

रिकामी जागा भरली डीएसके शिवाजियन्सने. हा १९८७ पासूनचा स्थानिक क्लब. २०१५-१६ मध्ये तोही कंपनीच्या नावानिशी थेट प्रवेशाने वर आला आणि नऊ संघांत नववा राहिला. पुन्हा तेच. आठव्या क्रमांकावरचा मिझोरमचा ऐझॉल एफसी खाली ढकलला गेला. या वेळी मात्र गोष्टीला वळण लागलं. नव्या इंडियन सुपर लीगला देशाची पहिल्या क्रमांकाची लीग करण्याच्या महासंघाच्या बेताला विरोध म्हणून गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही पाठ फिरवली. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. खालिद जमील यांच्या हाताखाली खेळलेल्या त्या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी चक्क आय-लीग जिंकली. पुण्याच्या तळाच्या संघाला वाचवण्यासाठी ज्यांना बाहेर काढलं होतं, ते वर्षभरात देशाचे विजेते झाले होते. आणि डीएसके शिवाजियन्स? २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये ते नाव नव्हतं.

या सगळ्यात पुण्याच्या चाहत्याची अवस्था अवघड होती. आपला संघ वाचला याचा आनंद मानावा, तर खेळाचा न्याय आड येत होता. न्यायाची बाजू घ्यावी, तर आपल्याच संघाला घालवावं लागत होतं. घसरणीचा वाद इथे म्हणूनच नुसता तांत्रिक राहिला नाही.

तिकडे २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. तिच्यात घसरण नव्हतीच. संघाची जागा ही विकत घेतलेली जागा होती. तिथल्या पुण्याच्या संघाच्या, एफसी पुणे सिटीच्या, मालकांत राजेश वाधवान समूह आणि हृतिक रोशन, जोडीला इटलीचा फिओरेंटिना क्लब. १९९८ चा विश्वविजेता दाविद त्रेझेगे पहिल्या वर्षी बालेवाडीत खेळला, पुढच्या वर्षी आद्रियान मुतू. नारिंगी कपड्यांतल्या चाहत्यांनी स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घेतलं. मामुर्डीची अकादमीही पुढे याच संघाकडे आली. सर्वोत्तम हंगाम २०१७-१८ चा. उपांत्य फेरीत ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली आणि चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारून पुण्याचं स्वप्न ३-१ असं संपवलं.

संघांचं भवितव्य महासंघाच्या हाती असलं, तरी तिकिटाच्या खिडकीपाशी चाहता आणि सरकार यांची गाठ या संघांच्या आधीपासून पडत आली आहे. जुन्या मुंबई प्रांताने १९२३ मध्ये करमणूक शुल्काचा कायदा केला. त्यात पैसे घेऊन दाखवलेला कोणताही खेळ, मग तो नाटकाचा असो, सर्कशीचा असो की मैदानावरचा, ‘करमणूक’ या एकाच व्याख्येत आला. लोकांच्या तोंडी तो करमणूक कर. वसुली जिल्हाधिकारी कचेरीतल्या करमणूक शाखेकडे. सिनेमाच्या तिकिटावरचा कर सगळ्यांना पाठ होता. फुटबॉलला तिकीट क्वचितच लागे, म्हणून तिथे त्याची चर्चा नव्हती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ही व्यवस्था बदलली. आयपीएलच्या तिकिटाला २८ टक्के कर लागला. दुसरीकडे २५० रुपयांपर्यंतच्या खेळाच्या तिकिटाला सूट मिळाली. २०१८ च्या जानेवारीत ही मर्यादा ५०० रुपयांवर गेली. गहुंजे आणि बालेवाडी या एकाच शहराच्या दोन मैदानांच्या दारात कराचा हिशेब असा वेगवेगळा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा कर ४० टक्के आहे. मात्र करमणुकीवरचा कर पूर्णपणे वस्तू व सेवा कराच्या छत्राखाली गेला, असं नाही. राज्यघटनेच्या १०१व्या दुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना तो लावण्याची मुभा राखून ठेवली आहे. पिंपरी-चिंचवडला स्थानिक कराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९८२ मध्ये स्थापन झालेली इथली महापालिका कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झाली. १ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, मग तोही गेला. कंपन्यांच्या येण्याजाण्याने शहराची तिजोरी कशी हलते, हे इथल्या माणसाने पाहिलं आहे. संघांच्या बाबतीत तेच घडताना त्याला नवल वाटायचं कारण नव्हतं.

पुण्याहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर कोल्हापुरात हाच खेळ दुसऱ्या पायावर उभा आहे. तिथला संघ तालमीचा किंवा पेठेचा: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. सामने शाहू स्टेडियमवर, कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की पेठाच्या पेठा स्टेडियमकडे निघतात आणि पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागतो. वाद तिथेही होतात. परदेशी, विशेषतः आफ्रिकी खेळाडू आणावेत का, पेठेच्या पोराची जागा त्यात जाते का, पंचाने पेनल्टी खाल्ली का. हाणामारीचीही परंपरा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पण एक वाद तिथे कधी होत नाही: संघ कुणी दुसऱ्या गावाला नेईल का? तालीम विकता येत नाही.

कोल्हापूर आणि बालेवाडी यांना जोडणारी एक कडी म्हणजे अनिकेत जाधव. कोल्हापूरचा हा मुलगा बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. प्रबोधिनी सरकारी, तालीम लोकांची. दोन्ही अजून जागच्या जागी आहेत.

कंपन्यांच्या संघांचं तसं झालं नाही. आर्थिक ओढाताणीनंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली आणि हैदराबाद एफसीचा जन्म झाला. मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून त्या संघाने सुपर लीग जिंकली. अनिकेत जाधव त्या हंगामात हैदराबादच्याच ताफ्यात होता. पुण्याच्या चाहत्यांनी तो विजय कोणत्या नजरेने पाहायचा, हा प्रश्न होताच. पुढे हैदराबादवरही तीच वेळ आली. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने नोंदला गेला. गहुंजेतही वेगळं घडलं नव्हतं: पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपला, रायझिंग पुणे दोन हंगामांपुरताच होता.

म्हणून पुण्याच्या फुटबॉलच्या या दहा-बारा वर्षांवर निकाल द्यायचा, तर प्रेक्षक कमी पडले असं म्हणून भागत नाही. नियम मालकाला वाचवण्यासाठी लिहिले गेले, संघ आणि गाव यांची गाठ बांधणारा नियम मात्र कुणी लिहिला नाही. ज्यांना अभय दिलं ते आधी गेले. ज्यांना बाहेर काढलं, त्यांतला ऐझॉल विजेता झाला आणि धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

आज देहूरोडच्या माणसाला सुपर लीगमधल्या राज्यातल्या संघाचा घरचा सामना पाहायचा असेल, तर लोकलने लोणावळा किंवा पुणे गाठून पुढची गाडी पकडायची आणि अंधेरीला मुंबई सिटीच्या मैदानावर जायचं. वाटेत बालेवाडी लागत नाही.