लंडनचा नकार, लंडनचा लिलाव

१९०७ साली पोलादाच्या कारखान्यासाठी टाटांना भांडवल हवे होते. लंडनच्या पेढ्यांनी हात आखडता घेतला. मग मुंबईत शेअर विक्रीला निघाले आणि टाटांच्या कचेरीला सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दीचा वेढा पडला. तीन आठवड्यांत रक्कम उभी राहिली!

बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जानेवारी २००७ च्या पहाटे लंडनमध्ये कोरसचा लिलाव संपला. जुन्या ब्रिटिश स्टीलचाच हा वारस. नऊ फेऱ्या झाल्या. ब्राझीलच्या सीएसएनने शेअरला ६०३ पेन्स लावले, टाटांनी ६०८. मला किमतीपेक्षा बोली लावणारे महत्त्वाचे वाटतात. दोघेही एके काळी परक्या भांडवलाची वाट पाहणाऱ्या देशांतले!

त्या दिवशी मीही हरखलो होतो, हे कबूल करतो. पण आधीच्या ऑक्टोबरात टाटांचा पहिला देकार ४५५ पेन्सचाच होता. वर्ष-दीड वर्षात जागतिक मंदी आली, पोलादाची मागणी आटली, कर्जाचे ओझे राहिले. वेल्समधील पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली; सुमारे अडीच हजारांवर नोकऱ्यांवर गदा आली. तिथे विजेच्या भट्टीचे काम २०२५ मध्ये सुरू झाले. त्यासाठी ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारने देऊ केले आहेत, मुंबईच्या कंपनीला.